म्हैसूरची फटफटी आणि निलगिरीची वाट

म्हैसूर शहराच्या दक्षिणेकडून निघणारा उटीचा रस्ता कर्नाटकात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. देशावरून वा कोकणातून पाहुणे आले म्हणजे त्यांस राजवाडा, चामुंडीची टेकडी आणि वृंदावन उद्यान दाखवावे, आणि मग एक दिवस उटीसाठी राखून ठेवावा, हा क्रम आपल्या घरांतून वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. पूर्वी हा प्रवास बहुधा सरकारी बसने होत असे. आता आपल्या मंडळातील तरुण मंडळी मोटारसायकलींवरून जाण्याचे बेत आखतात. नकाशा पसरला जातो, अंतरे मोजली जातात, पेट्रोल कोठे भरावयाचे आणि न्याहारी कोठे करावयाची याची टाचणे होतात. या टाचणांत एक गोष्ट सहसा नसते, ती म्हणजे त्या रस्त्याचा इतिहास. तो ठाऊक नसला तरी प्रवास अडत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु बंडीपूरच्या नाक्यावर रात्री नऊ वाजता वाहतूक का थांबते, आणि अरण्यातून जाणाऱ्या राजरस्त्यावर उतरून दोन घटका झाडाखाली बसण्याचीही मुभा का नसते, या प्रश्नांची उत्तरे नकाशात सापडत नाहीत. ती शोधण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

टिपू सुलतानाच्या काळापर्यंत या वाटेला रस्ता म्हणणे धाडसाचे ठरेल. १७९१-९२ च्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा श्रीरंगपट्टणापर्यंत येऊन पोचल्या होत्या, हे आपण शाळेत वाचलेले आहे. त्या रणभूमीपासून निलगिरीचा पायथा शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहे. पण मध्ये पसरलेले अरण्य हे फौजांचे नव्हते, ते हत्तींचे होते. माणसांची ये-जा होई ती हत्तींनी तुडवून रुंद केलेल्या वाटांनी. घाटाची चढण कोठे सोपी आहे हे हत्तीस जितके कळते तितके पुष्कळदा इंजिनिअरासही कळत नाही, असे जुने लोक म्हणतात, त्यात तथ्य असावे. १७९९ साली टिपू पडला आणि निलगिरीचा डोंगर कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. तरीही पुढची वीस वर्षे वर काय आहे याची इंग्रजांना फारशी कल्पना नव्हती.

ती कल्पना आली जॉन सलिव्हन या कोइमतूरच्या कलेक्टरामुळे. १८१९ साली तो कोटगिरीच्या बाजूने वर चढला आणि तेथील हवेने भारून गेला. १८२२ मध्ये त्याने उटकमंड येथे आपले दगडी घर बांधावयास घेतले; पुढे तळे खोदविले, बटाटा आणि विलायती भाज्या लावल्या. जेथे तोडा लोकांच्या म्हशी चरत होत्या तेथे बघता बघता गोऱ्या साहेबांची वस्ती झाली. उटकमंड या नावातील ‘मंड’ म्हणजे तोडांचा पाडा. नाव राहिले, पाडा मागे हटला.

आता वर वस्ती झाली म्हणजे खालून रस्ता हवा. सलिव्हनने काढविलेली पहिली वाट पूर्वेच्या अंगाने, शिरमुगईहून कोटगिरीस जाणारी होती. कुन्नूरचा घाट १८३० नंतर झाला. म्हैसूरच्या बाजूने वर जाणे मात्र बराच काळ कष्टाचेच राहिले. १८३४ साली मेकॉले हिंदुस्थानात उतरला तेव्हा गव्हर्नर जनरल बेंटिंक उटीस होता. त्याला भेटण्यासाठी मेकॉले मद्रासहून बंगलोर, म्हैसूरमार्गे निघाला आणि सुमारे चारशे मैलांचा तो प्रवास त्याने माणसांच्या खांद्यांवरून केला. पुढे या देशाच्या शिक्षणाचे भवितव्य ठरविणाऱ्या या गृहस्थाचे वजन या अरण्यातून वर वाहून नेणाऱ्या भोयांची नावे इतिहासाने नोंदलेली नाहीत.

त्या काळच्या प्रवाशांना वाघ-हत्तींपेक्षा भय वाटे ते तापाचे. बंडीपूर, मुदुमलै, मोयार नदीचे खोरे आणि वायनाडचा पायथा हा सारा टापू हिवतापाने बदनाम होता. दिवस मावळण्यापूर्वी हा पट्टा ओलांडावा, रात्री मुक्काम करू नये, असा रिवाज होता. डासामुळे हिवताप होतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणास ठाऊक नव्हते. रात्रीच्या दूषित हवेने तो होतो अशी समजूत होती. कारण चुकीचे होते, पण पथ्य बरोबर होते. याच तापावर औषध म्हणून दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या सिंकोना झाडांची लागवड १८६० पासून निलगिरीवर सुरू झाली. घाटमाथ्यावरील नडुवट्टम येथे सिंकोनाचे मळे उठले, आणि त्या मळ्यांवर राबण्यासाठी मलायाकडील इंग्रजी वसाहतींतून चिनी कैदी आणले गेले. म्हणजे पायथ्याशी ताप, माथ्यावर त्यावरचा कडू काढा, आणि दोहोंना जोडणारा हा घाट, असा विलक्षण योग येथे जुळून आला होता. गुडलूरहून उटीस जाताना आज आपण नडुवट्टमला चहा पिण्यास थांबतो. तेथील डोंगरउतारावर नजर टाकताना हे आठवावे.

माझ्या मते या तापानेच अरण्याची खरी राखण केली. विसाव्या शतकाच्या मध्यास डी.डी.टी.ची फवारणी आली, हिवताप हटला, आणि जेथे पूर्वी कोणी रात्र काढण्यास धजत नसे तेथे वस्त्या उभ्या राहिल्या. पैकारा नदीच्या पाण्यावरील वीजकेंद्र १९३२ साली सुरू झाले होते. पुढे मोयारचेही झाले. या कामांवरील मजूर, कारकून, दुकानदार यांच्यामुळे मसिनगुडी हे आडरानातील ठिकाण गावरूपास आले. मागाहून प्रवासी आले आणि त्यांच्यामागून विश्रामधामे.

अरण्याचा दुसरा रखवालदार म्हणजे म्हैसूरचे महाराज. त्यांनी हे रान राखले ते शिकारीसाठी. राजाच्या शिकारीचे रान म्हणून ज्याच्यावर कुऱ्हाड चालली नाही, तेच रान पुढे अभयारण्य झाले, हा विरोधाभास आपल्या देशात अनेक ठिकाणी आढळतो. १९४१ साली या भागात वेणुगोपाल वन्यजीव उद्यान स्थापन झाले. हिमवद् गोपालस्वामी बेट्ट या डोंगरावरील देवाचे नाव त्यास दिलेले होते. त्याच्या एक वर्ष आधी, १९४० मध्ये, पलीकडे मद्रास इलाख्यात मुदुमलैचे छोटेसे अभयारण्य झाले होते. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत बंडीपूरची गणना झाली, आणि आपल्याकडील मेळघाटही त्याच नवांतला, हे मराठी माणसाने लक्षात ठेवावे. साग, ऐन, धावडा आणि बांबू यांचे बंडीपूरचे पानगळी रान पाहून विदर्भातल्या माणसाला घरची आठवण होते ती उगाच नव्हे. १९८६ साली निलगिरी हे भारतातील पहिले जीवावरण क्षेत्र म्हणून जाहीर झाले. आज बंडीपूर, नागरहोळे, मुदुमलै, वायनाड आणि सत्यमंगलम मिळून देशातील वाघांची सर्वांत मोठी सलग वस्ती येथे नांदते, आणि आशियाई हत्तींची तितकी दाट वस्ती अन्यत्र क्वचितच असेल. या गौरवाची किंमत कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. मध गोळा करून जगणारे जेनु कुरुब पिढ्यान्‌पिढ्या या रानात राहत होते. उद्यानांच्या सीमा आखल्या गेल्या तशा त्यांच्या अनेक पाड्यांना बाहेर जावे लागले. तेप्पकाडूच्या शंभराहून अधिक वर्षे जुन्या हत्तीछावणीत मात्र माहुताचे काम अजून मुख्यतः वनवासी कुटुंबांच्याच हातात आहे. २०२३ साली ऑस्कर मिळविणारा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ हा माहितीपट याच छावणीतला.

इतके झाल्यावर आता फटफटीकडे वळू. आपण बेत आखतो ती सहल मोटारसायकलची आहे, आणि या रस्त्याचा व मोटारसायकलचा संबंध योगायोगाचा नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी वाहनांच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले आणि वाहने देशातच तयार होऊ लागली. मद्रासेस १९५५ पासून एन्फील्ड बुलेटचा कारखाना होता. म्हैसुरात रुस्तुम इराणी व फारूख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्यावर ‘आयडियल जावा’ हा कारखाना यादवगिरी येथे काढला. महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांचा त्यास पाठिंबा होता. १९६१ पासून तेथून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि १९७३ पासून त्याच कारखान्यातील गाडीस ‘येझदी’ हे नाव मिळाले. इराणमधील यझ्द शहराची स्मृती त्या नावात आहे. १९९६ साली कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये दुसऱ्या मालकीत पुन्हा बाजारात आले, पण ती गाडी म्हैसूरची नव्हे.

मधल्या पस्तीस वर्षांत म्हैसूर हे फटफटींचे गाव होते. पेट्रोलच्या टाकीस दोन्ही अंगांनी लावलेला चकचकीत पत्रा, दोन बाजूंना दोन धूरनळ्या, आणि लांबूनही ओळखू येणारा तो घुमणारा आवाज! किक मारण्याची दांडी आणि गियरची दांडी एकच. किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवून गियर टाकावयाचा. परगावच्या माणसास हे चटकन साधत नसे आणि म्हैसूरकरांस त्याची मोठी मौज वाटे. या गाडीला मोकळा रस्ता हवा तर उटीचा, आणि चढणीची परीक्षा हवी तर निलगिरीचा घाट. त्यामुळे कारखाना आणि घाट यांचे नाते आपोआप जुळले.

जावा-येझदी ही दोन फेऱ्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनाची गाडी. तिला वेगळे इंजिन ऑईल नसते. पेट्रोलात मिसळलेल्या ऑईलवरच आतील भाग वंगण घेतात. चढताना हे सोयीचे. उतरताना मात्र चालक अ‍ॅक्सिलरेटर बंद करतो, पेट्रोल जाणे थांबते, आणि पेट्रोलाबरोबर वंगणही थांबते; चाके मात्र इंजिनास फिरवीतच असतात. लांब उतारावर असे सतत चालले तर पिस्टन धरून बसतो. म्हणून जाणकार चालक उतरताना मधून मधून अ‍ॅक्सिलरेटर किंचित पिळीत. अशा इंजिनाचा उतारावरील रोधही कमी, तेव्हा सारा भार ब्रेकवर, आणि ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात. आजच्या चार फेऱ्यांच्या, डिस्क ब्रेकच्या गाडीवर बसणाऱ्या तरुणांस हे पुराणातले वांगे वाटेल. परंतु ज्या गियरात घाट चढलो त्याच गियरात उतरावा, हा जुना नियम त्यांच्याही कामाचा आहे.

रस्त्याचा तपशील आता थोडक्यात. म्हैसूरपासून पंचवीस किलोमीटरांच्या आत नंजनगूड. कपिला नदीवरील तेथील जुना पूल १७३५ सालचा; दीडशे वर्षांनी त्याच पुलावरून आगगाडीही धावली. ही आगगाडी नंतर चामराजनगरकडे वळली, ती या अरण्यात शिरली नाही, ही अरण्याच्या भाग्याचीच गोष्ट म्हणावयाची. नंजनगूडच्या श्रीकंठेश्वराने टिपूच्या हत्तीचे डोळे बरे केले आणि टिपूने देवास ‘हकीम नंजुंड’ म्हटले, अशी आख्यायिका आहे. पुढे गुंडलुपेट, म्हैसूरपासून साठ किलोमीटर. येथे टाकी भरावी, हवा तपासावी, पोटपूजा उरकावी. गुंडलुपेटला रस्ता फुटतो: उजवीकडचा वायनाडमार्गे कोळिकोडला जातो, समोरचा उटीला. दोन्ही बंडीपूरच्या अरण्यातून जातात, आणि खरा वाद येथेच आहे.

मोटारी वाढल्या, रस्ते रुंद व गुळगुळीत झाले, तसे रात्रीच्या वेळी वाहनांखाली सापडून मरणाऱ्या जनावरांची संख्याही वाढली. चितळ, सांबर, बिबट्या, हत्ती, कोणीच सुटले नाही. जून २००९ मध्ये चामराजनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दोन्ही रस्त्यांवर रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत वाहतूक बंद करण्याचा आदेश काढला. विरोध होताच काही दिवसांत तो मागे घेतला गेला. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने बंदी पुन्हा लागू केली आणि मार्च २०१० मध्ये ती कायम केली. रुग्णवाहिका व मोजक्या बसगाड्यांस तेवढी सूट मिळाली. केरळ राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१९ साली सुलतान बत्तेरी येथे या बंदीविरुद्ध मोठे आंदोलन व उपोषण झाले.

या वादात वायनाडच्या लोकांची बाजू हलकी मानू नये. भाजीपाला म्हैसूरकडून येतो, मोठी इस्पितळे घाटाखाली आहेत, आणि हुणसूर-गोणिकोप्पल-कुट्टमार्गे जाणारा पर्यायी रस्ता लांबचा पडतो. घरी जाण्याची वाट रात्रीची बंद होणे ही सामान्य गैरसोय नव्हे. आपल्यासारख्या हौशी प्रवाशाची गोष्ट मात्र निराळी. त्याला रात्री अरण्यातून जाण्याचे काहीही कारण नाही. दिवस मावळण्यापूर्वी पट्टा ओलांडावा, ही दोनशे वर्षांपूर्वी तापाने घालून दिलेली शिस्त आज न्यायालयाने घालून दिलेली आहे, इतकेच. प्रस्तुत लेखकास ही बंदी योग्य वाटते.

बंडीपूर ओलांडले की केक्कनहळ्ळाच्या ओढ्यावर राज्याची सीमा लागते, आणि तेप्पकाडूस पुन्हा दोन वाटा. सरळ गेल्यास गुडलूर, तेथून नडुवट्टम, पैकारा करीत उटी. म्हैसूरपासून एकूण सुमारे दीडशे किलोमीटर. डावीकडे वळल्यास मसिनगुडी आणि कल्हट्टीचा छत्तीस हेअरपिन वळणांचा घाट. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर कमी, पण चढ छाती दडपविणारा. मसिनगुडीपासून उटीपर्यंतच्या तीसेक किलोमीटरांत हजार मीटरांहून अधिक उंची गाठावयाची. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर, उटी सुमारे २,२४० मीटर. हवा विरळ होते, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीस दम लागल्यासारखे होते. ते गाडीचे दुखणे समजून घाबरू नये.

कल्हट्टीवर अपघात फार. २०१८ च्या ऑक्टोबरात पर्यटकांची एक मोटार येथून दरीत कोसळली आणि तिचा शोध लागण्यास दोन दिवस गेले. त्यानंतर बाहेरगावच्या वाहनांवर, विशेषतः हा घाट उतरण्यावर, निर्बंध आले. हे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट. मसिनगुडीभोवतालचे सिगूर पठार हा हत्तींचा येण्याजाण्याचा मार्ग आहे. तमिळनाडू सरकारने २०१० मध्ये तो हत्तीमार्ग म्हणून जाहीर केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये तो निर्णय उचलून धरला. तेथील बऱ्याच विश्रामधामांवर त्यामुळे गदा आली. ‘अमक्या ठिकाणी आम्ही पूर्वी उतरलो होतो’ या भरवशावर बेत आखू नये, याचे हे एक कारण. दुसरे असे की, मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने निलगिरीत येणाऱ्या बाहेरच्या वाहनांस ई-पास घ्यावा लागतो, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात दररोजच्या वाहनसंख्येवरही मर्यादा आली.

केव्हा जावे? फेब्रुवारी ते एप्रिल रान वाळलेले असते, पाण्याच्या आशेने जनावरे रस्त्यालगत येतात, आणि वणव्याचे भय असते. २०१९ च्या फेब्रुवारीत बंडीपूरचे हजारो एकर रान जळाले. जून ते ऑगस्ट गुडलूरच्या अंगाने कोसळणारा पाऊस कोकणची आठवण करून देतो, मात्र दुचाकीसाठी तो वाईट. पावसाळा सरतानाचा सप्टेंबर बरा, आणि थंडी सोसत असेल तर डिसेंबर-जानेवारी फारच सुरेख; पहाटे उटीच्या गवतावर हिव पडलेले दिसते. अरण्यात भोंगा वाजवू नये, थांबू नये, माकडांस खाऊ घालू नये. समोर हत्ती आला तर दूरच थांबावे, मागच्या वाहनांस इशारा द्यावा, आणि तो रस्ता ओलांडून जाईपर्यंत वाट पाहावी. छायाचित्रासाठी पुढे सरसावणाऱ्या दुचाकीस्वाराभोवती मोटारीचा पत्रा नसतो, हे त्याने विसरू नये.

सकाळी पाचच्या सुमारास म्हैसूर सोडले तर वाहतूक खुली होते त्या सुमारास गुंडलुपेटच्या पुढे पोचता येते. धुके उतरलेले असते आणि रान जागे झालेले असते. परतीच्या दिवशी कल्हट्टीचा नाद सोडून गुडलूरचा रस्ता धरावा आणि उटी दुपारी दोनच्या आत सोडावी. पैकारा, नडुवट्टम, गुडलूर करीत साडेचारपर्यंत तेप्पकाडू येते. छावणीतील हत्तींना संध्याकाळी नाचणीचे मोठमोठे गोळे भरवितात, ते पाहण्याचा मोह होईल; पाहावे, पण घड्याळ पाहून. केक्कनहळ्ळाचा पूल दिवसाउजेडी ओलांडला की रात्रीच्या जेवणाला सारी मंडळी म्हैसुरात घरी असतात.